वाडा विकणे आहे

‘भरवस्तीत प्रशस्त जुना वाडा विकणे आहे. रोड टच. क्लिअर टायटल. समक्ष भेटा.’ साताऱ्या-सांगलीकडच्या दैनिकांतल्या छोट्या जाहिरातींत अशी एखादी अधूनमधून दिसते. ‘जुना’च्या जागी ‘ऐतिहासिक’ असेल, तर मालक पुण्यात किंवा त्याच्याही पलीकडे राहतो असे खुशाल समजावे. त्या घराचे कौल सारणारा माणूस त्याला ऐतिहासिक म्हणत नाही.

या जाहिरातीला दोन प्रकारची गिऱ्हाइके येतात. पहिले गिऱ्हाईक दिंडीतून आत शिरताना दर्शनी रुंदी पावलांनी मोजते, परसापर्यंत जाऊन खोली मोजते, सोप्याचे खांब सागवानी आहेत ना एवढे पाहते आणि आकडा सांगते. त्या आकड्याचा हिशेब सरळ असतो : जागेचा भाव, अधिक निघणाऱ्या लाकडाचा भाव, वजा भाडेकरू हलवण्याचा खर्च. त्यात घराची किंमत शून्य धरलेली असते. सरकारी मूल्यदर तक्ताही जवळजवळ हेच सांगतो. बांधकामाच्या वयाप्रमाणे त्यावर घसारा धरतात, त्यामुळे शंभर वर्षांच्या घराची कागदावर फारशी किंमत उरत नाही. दुसरे गिऱ्हाईक क्वचित येते. त्याला त्या घरात राहायचे असते, अभ्यासिका काढायची असते किंवा चार खोल्यांत पाहुणे उतरवायचे असतात. हा लेख त्या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे. पहिल्याला काय पाहायचे ते पक्के ठाऊक असते.

आधी वय. शाहू महाराजांनी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा वसू लागल्या. पुढे प्रतापसिंह महाराजांनी शहराला रस्ते आणि पाणी दिले, आणि १८४८ मध्ये कंपनी सरकारने राज्यच खालसा केले. सांगलीचे शहरपण आणखी अलीकडचे. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन १८०१ च्या सुमारास मिरजेहून वेगळे झाले, गणेशदुर्ग उभा राहिला, आणि भोवती सरदार, कारकून, सावकार आणि हळदीचे व्यापारी घरे बांधू लागले. तेव्हा साताऱ्यातला वाडा ‘शिवकालीन’ आणि सांगलीतला ‘चारशे वर्षांचा’ आहे असे कोणी सांगितले, तर मान डोलवावी आणि खांब पाहावेत. तासणीने तासलेल्या जुन्या लाकडावर हाताच्या उथळ खाचा लागतात, यंत्राच्या करवतीने कापलेले लाकूड एकसारख्या ओरखड्यांचे असते. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला, त्याआधी इकडच्या छपरांवर थापी कौले होती. मधल्या काळात छप्पर बदलले असेलही, पण वाशांची मांडणीच मंगळुरी कौलांच्या मापाची असेल तर निदान माडी तरी त्यानंतरची. लोखंडी तुळया, बिडाचे कठडे, रंगीत काचांची तावदाने, शहाबादी फरशी ही बहुतेक रेल्वे आल्यानंतरची भर. आज उभे असलेले बरेचसे वाडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा विसाव्याच्या सुरुवातीचे निघतात. त्याने त्यांचे मोल कमी होत नाही. फक्त दंतकथेचे पैसे मोजू नयेत.

वाडा पडायला लागतो तो बहुधा छपराच्या आधी उत्पन्नातून. हे घर पगारावर पोसले जाण्यासाठी बांधलेलेच नव्हते. इनाम, वतन, कुळांकडून येणारे धान्य, सावकारी, यांतून दर उन्हाळ्यात कौले सारायला, भिंती लिंपायला आणि चुन्याचा हात द्यायला माणसे मिळत. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक झाला. तो न्याय होताच, पण वाड्याची डागडुजी ज्यातून होई ते धान्य त्याच दिवशी थांबले. त्याआधी, ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच जाळपोळीवर आहे. कितीतरी कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली आणि मागे राहिलेल्या खोल्यांत भाडेकरू आले. मराठा सरदारांचे, देशमुख-पाटलांचे आणि व्यापाऱ्यांचे वाडे या वाटेने रिकामे झाले नाहीत. तिथे जमीन टिकली, पण घर भावाभावांत वाटले गेले आणि चौकात विटांच्या भिंती उभ्या राहिल्या.

म्हणून वाडा पाहायला जाताना दाभण आणि विजेरी जरूर न्यावी, पण त्याआधी मिळकत पत्रिका पाहावी. नगर भूमापन कार्यालयातला हा उतारा म्हणजे घराची कुंडली. सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, सत्ताप्रकार, धारकांची नावे आणि वारसांच्या नोंदी त्यात असतात. जाहिरातीतले ‘क्लिअर टायटल’ इथेच अडखळते. आजोबांचे नाव अजून तसेच असते, त्यांना पाच मुलगे आणि तीन मुली, त्यातल्या दोघींची नोंदच झालेली नसते, कारण त्या काळी ‘मुलींनी काही मागितले नाही’. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा देणारी दुरुस्ती केली होती, तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट काढली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असोत वा नसोत. राहत्या घराची वाटणी मुलांनी ठरवल्याशिवाय मुलींनी मागायची नाही, असे एक जुने कलम होते, तेही २००५ मध्ये गेले. तेव्हा सांगलीच्या वाड्याच्या खरेदीखतावर इचलकरंजीच्या आत्याची सही लागते, आणि आत्या नसेल तर तिच्या मुलांची. आधीच नोंदवलेले हक्कसोडपत्र असेल तर गोष्ट वेगळी. साध्या कागदावर ‘माझे काही म्हणणे नाही’ असे लिहून दिलेले हक्कसोडपत्र होत नाही.

एकट्या भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतो आहे, म्हणून उडी मारणारेही भेटतात. त्यांनी दोन कायदे वाचावेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४४ सांगते, की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा तिऱ्हाइताने घेतला तरी त्याला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे घरातल्या मंडळींना त्याचाच हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेता येतो. म्हणजे पैसे गुंतले आणि माजघराचा उंबरा काही ओलांडता आला नाही.

भावंडांतले कोणी परदेशात असेल तर आणखी दोन गोष्टी. तिथून पाठवलेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावे लागते. आणि विकणारा अनिवासी असेल, तर त्याच्या हिश्श्यावरचा कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. विकणाऱ्यांनीही वारसाहक्काने आलेल्या घराचे १ एप्रिल २००१ चे मूल्य मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून काढून ठेवावे. भांडवली नफा त्या आकड्यापासून मोजता येतो, नाहीतर पणजोबांनी किती रुपयांना घेतले त्यापासून मोजायची पाळी येईल.

देवघराचीही चौकशी करावी. काही वाड्यांत दर्शनी भागात खासगी देऊळ असते, त्याला कधीकाळी इनाम मिळालेले असते, आणि कोणी तरी ते धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदवलेले असते. तेवढा भाग विकायला आयुक्तांची परवानगी लागते. जुने खरेदीखत, वाटणीपत्र किंवा गहाणखत मोडीत असेल, तर मोडी वाचणाऱ्याला बसवून लिप्यंतर करून घ्यावे. चतुःसीमा, आडावरचा हक्क आणि बोळातून जाण्या-येण्याची वाट यांचे उल्लेख त्यातच सापडतात. पुढे वकील स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो. ही नोटीस टाळणारा विक्रेता आपल्यापासून काही तरी लपवतो आहे असे धरून चालावे.

राहिले भाडेकरू. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने गोठवलेली भाडी ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही फारशी सैल केली नाहीत. वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली, पण मूळ भाडेच दोन आकडी असेल तर त्या वाढीत एक कौलही येत नाही. त्याच कायद्याने घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू भाडे वाढवत नाही, आणि दोघांच्या मधून पाऊस आत येतो. वाडा विकत घेणारा भाडेकरूंसकट विकत घेतो, हे लक्षात ठेवून प्रत्येकाशी आधी बोलावे. पन्नास वर्षे मागच्या सोप्यात राहिलेल्या बाईंना वाड्याची नळाची लाइन कुठून जाते ते मालकापेक्षा जास्त माहीत असते.

आता घर. वाड्याचा सांगाडा लाकडी असतो. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर किती मोठे हे खणांनी सांगायचे. छपराचा भार बराचसा हा सांगाडा पेलतो. भिंती खाली घडीव काळ्या दगडाच्या, वर चुन्यातल्या पातळ विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या. त्यामुळे भिंत फुगलेली दिसली म्हणून घर गेले असे होत नाही, आणि भिंत गुळगुळीत रंगवलेली आहे म्हणून घर ठीक आहे असेही नाही. पाहायचे ते तुळईचे टोक. भर सोप्यातली तुळई शंभर वर्षे ठणठणीत राहते, पण तिचे भिंतीत गेलेले हातभर टोक वारा लागत नसल्याने ओल धरते आणि आतून भुसभुशीत होते. तिथे दाभण टोचावे. सागात ते टोकाएवढेही शिरत नाही, कुजलेल्या ठिकाणी मुठीपर्यंत जाते. मग हातोडीच्या दांड्याने ठोकत मधोमध यावे. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक पहिल्याच दिवशी कळू लागतो. टोकच गेले असेल तर पूर्ण तुळई बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून तिथे त्याच जातीचे जुने लाकूड तिरप्या सांध्याने जोडतात आणि बोल्ट मारतात. जुने लाकूड मिळते कुठे, तर पाडलेल्या दुसऱ्या वाड्याचे, जुन्या लाकडाच्या वखारीत. एका वाड्याच्या मरणावर दुसरा जगतो, हे मला अजून पचलेले नाही, पण सुतार सांगेल की नव्या सागाला ती घनता नाही, आणि त्याचे बरोबर असते.

पाहणी जुलैत करावी. मे महिन्यात सगळे वाडे सुंदर असतात.

पावसात उभे राहिले की आणखी एक गोष्ट दिसते, जी नकाशात कधीच येत नाही. चौक हा बांधणाऱ्याने मुद्दाम खोलगट केलेला असतो. चारी बाजूंच्या पागोळ्या त्यात पडतात आणि दगडी मोरीतून, सोप्याखालून पाणी रस्त्याच्या गटारात जाते. पेठांतले रस्ते मात्र थरावर थर चढत गेले. कित्येक ठिकाणी आज रस्ता दिंडीच्या उंबऱ्याहून वर आहे, एक पायरी चढून आत जायचे ते आता एक पायरी उतरून जावे लागते. मोरीचे तोंड बुजते, पाणी उलटे फिरते, जोत्यात मुरते आणि भिंतींतून चढू लागते. मालक म्हणतो, भिंतीला लोणा लागला. मग गवंडी येतो, जुना गिलावा खरवडून काढतो आणि सिमेंटचा करतो.

हा सिमेंटचा गिलावा वाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू आहे असे माझे मत आहे, वाळवीपेक्षाही. जुनी भिंत ओल घेते आणि सोडते. चुन्याचा गिलावा त्या येण्याजाण्याला वाट देतो. सिमेंटने वाट बंद केली की ओल आत अडकते, आणखी वर चढते, विटांतले क्षार घेऊन बाहेर पडायला जागा शोधते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे पडतात, ते जाताना विटेची कातडीही घेऊन जातात. चुन्याचे काम मात्र सावकाशीचे. चुनखडी भाजून निघालेली कळी पाण्यात टाकली की खदखदते, वाफ सोडते. ती विरवून आठवडेच्या आठवडे पाण्याखाली मुरू द्यायची. मग वाळू आणि विटांचा चुरा म्हणजे सुरखी घालून घाणीत मळायची, कारागिराप्रमाणे त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा चिकट गर किंवा ताग. पूर्वी घाणीच्या गोल चरात दगडी चाक बैल फिरवी, आता मोटर फिरवते. लावल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा हळूहळू दगड होतो, त्याला महिने लागतात. घाईच्या ठेकेदाराला हे परवडत नाही. चुन्यात काम केलेला गवंडी मिळेपर्यंत थांबावे, पाऊस थांबवण्यापुरती ताडपत्री टाकून ठेवावी.

साताऱ्यात आणखी भूकंपाचा विचार हवा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.५ च्या आसपास तीव्रतेचा धक्का बसला, सुमारे १८० माणसे गेली. त्या परिसरात अजूनही लहान धक्के बसतात. किल्लारीच्या भूकंपाने ३० सप्टेंबर १९९३ ला जे दाखवले ते इथल्या जाड भिंतींना लागू आहे. दोन-अडीच फुटी दगडी भिंत आतून एकसंध नसते. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये मातीत भरलेले धोंडे, अशी ती असते. हादऱ्याने दोन्ही थर सुटतात आणि दगड माणसांवर येतात. मराठवाड्यात कित्येक घरांच्या भिंती कोसळल्या आणि लाकडी खण मात्र उभे राहिले. उपाय माहीत आहेत : भिंतीतून आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे सांधे ठरावीक अंतरावर घालणे, वरून पट्टा बांधणे, खांब-तुळयांचे सांधे लोखंडी पट्ट्यांनी आवळणे आणि माडीवरचा अनावश्यक मातीचा थर उतरवून भार कमी करणे. भाराची भर घालणारा स्लॅब लाकडी सांगाड्यावर ओतणे हा याच्या अगदी उलटा उद्योग आहे, आणि तोच सर्रास चालतो.

सांगलीची गोष्ट पाण्याची. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर इशारा देते, ४५ वर धोका. २००५ मध्ये ती ५३ फुटांपुढे गेली, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्याही वर, आणि २०२१ मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. गावभाग, हरभट रोड, टिळक चौक, मारुती चौक, म्हणजे नेमक्या जुन्या घरांच्या वस्तीत पाणी दिवस दिवस उभे राहिले. जवळच्या हरिपूरची हळदीची जमिनीखालची पेवे २००५ च्या पुरात मोठ्या प्रमाणात निकामी झाली. पुरात मातीची भिंत पाणी असेपर्यंत तग धरते आणि पाणी ओसरताना बसते, कारण भिजलेल्या मातीला आता बाहेरून आधारही नसतो. सागाला आठवडाभराच्या पाण्याने काही होत नाही. म्हणून सांगलीत वाडा घेताना मागच्या तिन्ही पुरांच्या रेषा भिंतीवर किंवा शेजाऱ्यांकडून ताडून घ्याव्यात, रेषेखालची बांधणी दगड आणि चुन्यात आणावी, वीज-मीटर आणि कपाटे माडीवर न्यावीत. त्यात खालची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. जोत्यालगत झाडे किंवा गळके नळ असतील तर कोपरे खचलेले दिसतील.

एवढे सगळे करण्याआधी पालिकेची नोटीस आलेली आहे का ते विचारावे. साताऱ्यात नगरपालिका आणि सांगलीत महापालिका धोकादायक इमारतींना पावसाळ्याआधी नोटिसा देतात, आणि त्यात वर्ग असतात. ‘सी-१’ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. ‘सी-२बी’ म्हणजे राहत असतानाच दुरुस्ती. ‘सी-३’ किरकोळ. वाड्याचे आयुष्य ‘सी-१’ आणि ‘सी-२ए’ यांच्या मधल्या बारीक रेषेवर असते, आणि ती रेषा ओढणाऱ्या अभियंत्याने अनेकदा फक्त काँक्रीटच पाहिलेले असते. लाकडी सांगाड्याची जाण असलेल्या माणसाकडून स्वतंत्र तपासणी करून घेतली, तर निकाल बदलू शकतो.

घर टिकवणाऱ्याला पैसे कुठून मिळावेत, हा प्रश्न इतरांनीही सोडवून पाहिला आहे. इटलीतल्या काही गावांनी पडकी घरे एका युरोला विकली, अट एवढीच की ठरल्या मुदतीत दुरुस्त करायची. जपानमध्ये २०२३ च्या मोजणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी निघाली, तिथल्या पालिका त्यांची यादीच प्रसिद्ध करतात. आपल्याला जवळचे उदाहरण अहमदाबादचे. तिथल्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांतल्या, वारसा-घराच्या मालकाला न वापरलेला बांधकाम हक्क दुसरीकडे विकता येतो आणि त्या पैशांतून घर दुरुस्त करता येते. आपल्याकडे वाईजवळचा मेणवलीतला नाना फडणविसांचा वाडा घराण्याने राखला आहे, त्याचा काही खर्च चित्रीकरणांतून निघतो. ‘स्वदेस’ तिथलाच. साताऱ्याच्या राजवाडा परिसरातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले, आणि सांगलीच्या राजवाड्यात ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. मोठ्या चौकांचे नवे उपयोग या दोन्ही शहरांना काही नवे नाहीत. छोट्या वाड्याला मात्र राज्याची न्याहारी-निवास योजना जास्त मानवेल.

आणि कोणी वाडा न वाचवता पाडायचेच ठरवले, तरी एक काम सुटत नाही. पेठेतले वाडे एकमेकांना टेकून उभे असतात, मधली भिंत बहुतेक सामाईक असते, आणि मोडी खतात ती कोणाची किती हेही लिहिलेले सापडते. एक वाडा उतरला की शेजारच्या तुळयांचा आधार जातो, आणि पायासाठी खोल खणले की त्याचे जोते उघडे पडते. म्हणून पाडण्याआधी शेजाऱ्यांना लेखी कळवावे, दोन्ही बाजूंच्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढावेत, पंचनामा करावा, टेकू लावावेत आणि पावसाळा संपल्यावरच कुदळ चालवावी. शेजारी म्हणेल, आमच्या सोप्याला चीर पडली. त्या वेळी कामाचा असतो तो फोटो.